विकल्यानंतरची जबाबदारी

एखादी वस्तू कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली, घाऊक व्यापाऱ्याच्या वखारीतून किरकोळ दुकानदाराच्या फळीवर आली आणि गिऱ्हाइकाने किंमत चुकती करून ती घरी नेली, की तिच्याविषयीचे कारखानदाराचे कर्तव्य संपले, अशी समजूत व्यापाराच्या जगात दीर्घकाळ रूढ होती. इंग्रजी कायद्याने तर खरेदीदारानेच डोळे उघडे ठेवून माल घ्यावा, मागाहून तक्रार करू नये, हे तत्त्व शतकानुशतके शिरोधार्य मानले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही समजूत टिकणे अशक्य झाले. ज्या यंत्राच्या अंतरंगात शेकडो सुटे भाग आहेत, ज्यांपैकी एखादा भाग तिसऱ्याच देशात तयार झालेला आहे आणि ज्याचे कवच उघडून पाहण्याची मुभासुद्धा गिऱ्हाइकाला नाही, ते यंत्र त्याने पारखून घ्यावे असे म्हणणे ही न्यायाची विटंबना होय. यातूनच एक नवी जबाबदारी जन्मास आली. विकलेल्या मालात जीवितास अपाय करणारा दोष आहे असे ध्यानात येताच उत्पादकाने, स्वतःहून अथवा सरकारी हुकुमावरून, तो दोष जाहीर करावा, मालाची विक्री थांबवावी, आणि ज्यांच्या घरी तो माल पोचला आहे त्यांना तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा, बदलून द्यावा अथवा त्याची किंमत परत करावी. या सर्व व्यवहारास रिकॉल म्हणतात.

अमुक कंपनीने इतक्या हजार मोटारी परत बोलावल्या, अशी बातमी वर्तमानपत्रात आली की वाचणाऱ्याच्या मनात बहुधा दोनच विचार येतात. एक, या कंपनीचा माल कुचकामी दिसतो; दुसरा, आपली गाडी तर नीट चालते आहे, तेव्हा आपल्याला त्याचे काय? हे दोन्ही विचार चुकीचे आहेत. कोट्यवधींच्या संख्येने माल तयार करणाऱ्या कारखान्यात दोष कधीच उद्भवणार नाही अशी हमी कोणतेही यंत्रशास्त्र देऊ शकत नाही. म्हणून माल परत बोलावणे हे स्वतः कलंकास्पद नाही. कलंकास्पद आहे तो विलंब, आणि त्याहूनही कलंकास्पद आहे ते लपवणे. आणि रिकॉलचे मोल किती वस्तू परत बोलावल्या या आकड्यावर ठरत नसून, त्यांतील किती वस्तू खरोखर परत आल्या अथवा दुरुस्त झाल्या, यावर ठरते.

प्रथम दोष कशास म्हणावयाचे ते पाहू. प्रत्येक घरातला प्रेशर कुकर घ्या. वाफ कोंडली गेल्यामुळे त्याच्या आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा सुमारे एका वातावरणाइतका अधिक होतो, पाणी 100 ऐवजी सुमारे 120 अंश सेल्सियस तापमानास उकळू लागते, आणि म्हणूनच तूरडाळ एरवीपेक्षा फार लवकर मऊ होते. ठरावीक दाब झाला की ही वाफ शिटीचे वजन उचलून बाहेर पडते. परंतु डाळीचा फेस वर येऊन शिटीची नळी चोंदली, तर वाफेला वाट उरत नाही. त्या प्रसंगासाठी झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह बसविलेला असतो. त्यात लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूची लहानशी गुंडी असते. तापमान मर्यादेपलीकडे गेले की ती वितळते आणि वाफ मोकळी होते. एवढ्याशा गुंडीवर चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाचे डोळे आणि चेहरा अवलंबून असतात.

आता या कुकरात दोष तीन प्रकारे शिरू शकतो. आत दाब असतानाही झाकण उघडता येईल अशीच त्याची रचना केलेली असेल, तर तो आराखड्यातील दोष होय. मग त्या नमुन्याचा पहिला कुकर आणि शेवटचा कुकर सारखेच घातक. आराखडा निर्दोष असूनही एखाद्या दिवशीच्या पाळीत मिश्रधातूचे प्रमाण बिघडले आणि ती गुंडी वेळेवर वितळेनाशी झाली, तर तो निर्मितीतील दोष होय. तो तेवढ्या घाण्यातील, म्हणजे तेवढ्या बॅचमधील, कुकरांपुरताच मर्यादित राहतो. आणि आराखडा व निर्मिती दोन्ही चोख असूनही भांडे किती भरावे आणि सेफ्टी व्हॉल्व्ह केव्हा बदलावा याची ताकीद सोबतच्या पुस्तिकेत नसेल, तर तो सूचनेतील दोष होय. आपल्या देशाच्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकाचे दायित्व ठरविताना हे तिन्ही प्रकार मान्य केले आहेत. रिकॉल करणाऱ्याला पहिला निर्णय करावा लागतो तो हाच, की दोष संपूर्ण नमुन्याचा आहे की विशिष्ट बॅचचा. आणि या निर्णयात चूक झाली तर पुढचा सारा खटाटोप फसतो.

अशा फसलेल्या निर्णयाचे उदाहरण सॅमसंग कंपनीच्या गॅलक्सी नोट 7 या फोनचे आहे. ऑगस्ट 2016 मध्ये तो बाजारात आला. थोड्याच दिवसांत फोन तापून पेटल्याच्या तक्रारी येऊ लागल्या आणि 2 सप्टेंबर रोजी कंपनीने सुमारे 25 लाख फोन बदलून देण्याचे जाहीर केले. एवढ्या त्वरेने पाऊल उचलणे प्रशंसनीय होते. परंतु दोष एकाच पुरवठादाराच्या बॅटरीत आहे असे गृहीत धरून दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी घातलेले फोन बदली म्हणून देण्यात आले, आणि तेही पेटू लागले. अखेर 11 ऑक्टोबर रोजी त्या फोनचे उत्पादनच कायमचे बंद करावे लागले. जानेवारी 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत असे निष्पन्न झाले की पहिल्या बॅटरीच्या एका कोपऱ्यात आतील पत्रे दबून वाकत होते, तर दुसऱ्या बॅटरीत जोडकामाच्या वेळी राहिलेली धातूची टोके आतील पडद्यास भोक पाडीत होती. दोन वेगळे दोष, परिणाम एकच. रोगाचे निदान पुरते न करता दिलेले औषध रोग्यास दुसऱ्यांदा संकटात लोटते; त्वरा हवी, पण तिला तपासाची जोड हवी.

दोष ओळखण्यास विलंब लागतो तो दर वेळी बेपर्वाईमुळेच लागतो असेही नाही. काही दोष वस्तू जुनी होईपर्यंत प्रकटच होत नाहीत. मोटारींच्या इतिहासातील सर्वांत मोठा रिकॉल याच जातीचा आहे. जपानमधील ताकाता ही कंपनी 1933 मध्ये कापडाच्या धंद्यातून उभी राहिली, पुढे आसनपट्टे आणि त्यानंतर मोटारीतील एअरबॅग बनवू लागली, आणि जगातील बहुतेक प्रमुख मोटार कारखाने तिच्याकडून माल घेऊ लागले. टक्कर होताच सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या ते तिसाव्या भागात ही पिशवी फुगली पाहिजे. यासाठी धातूच्या एका लहान डब्यात स्फोटक द्रव्याच्या वड्या ठेवलेल्या असतात, त्या पेटून वायू निर्माण होतो आणि पिशवी भरते. ताकाताने या वड्यांसाठी अमोनियम नायट्रेट हे स्वस्त द्रव्य निवडले. या द्रव्याचा स्वभाव असा, की दमट हवा आणि दिवसरात्रीच्या तापमानातील चढउतार यांनी वर्षानुवर्षे त्याच्या वड्या भुसभुशीत होत जातात. भुसभुशीत वडीचा अधिक पृष्ठभाग एकदम पेट घेतो, वायू हवा त्याहून फार वेगाने निर्माण होतो, आणि पिशवी फुगण्याऐवजी धातूचा डबाच फुटून त्याचे तुकडे चालकाच्या मानेत आणि छातीत घुसतात. जीव वाचविण्यासाठी बसविलेले साधनच जीव घेऊ लागले.

होंडा कंपनीने नोव्हेंबर 2008 मध्ये या कारणासाठी पहिला रिकॉल केला तेव्हा तो अवघ्या सुमारे 4,000 गाड्यांचा होता, कारण त्या वेळी हा दोष काही विशिष्ट बॅचपुरता आहे असे मानले गेले. पुढे वर्षामागून वर्षे ती मर्यादा वाढत गेली आणि अखेर एकट्या अमेरिकेत एकोणीस मोटार कंपन्यांच्या गाड्यांतील सुमारे 6 कोटी 70 लाख एअरबॅग-यंत्रे परत बोलवावी लागली. साऱ्या जगाचा आकडा सुमारे 10 कोटींच्या घरात जातो. भारतातही त्याची झळ लागली. जानेवारी 2017 मध्ये होंडाने येथील 41,580 गाड्या या एकाच कारणासाठी परत बोलावल्या. अमेरिकेत फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या आखाताकाठचा उष्ण, दमट प्रदेश सर्वाधिक धोक्याचा मानून तेथील गाड्यांना दुरुस्तीत अग्रक्रम देण्यात आला, हे लक्षात घेतले म्हणजे मुंबई, रत्नागिरी अथवा पणजी येथे जुनी मोटार वापरणाऱ्याने हा विषय आपला नव्हे असे का मानू नये, हे निराळे सांगावयास नको. ताकाताने चाचण्यांचे निष्कर्ष बदलून मोटार कंपन्यांना खोटी माहिती पुरविली होती; 2017 मध्ये तिने अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला, एक अब्ज डॉलरांची जबाबदारी पत्करली, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात ती दिवाळखोरीत निघाली. निसर्गाच्या नियमाने आलेला दोष क्षम्य ठरला असता; कागदोपत्री केलेली लबाडी क्षम्य ठरली नाही.

लपवाछपवीचा दुसरा दाखला जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीचा आहे, आणि तो एका बारीकशा तपशिलामुळे विशेष अभ्यसनीय आहे. तिच्या काही छोट्या मोटारींत चावी फिरविण्याचा स्विच इतका हलका होता, की चालकाचा गुडघा लागला किंवा चावीला जड जुडगा लटकत असला तरी चालत्या गाडीत तो मागे फिरे. इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि एअरबॅग उघडेनाशी होई. 2006 मध्ये कंपनीतील एका अभियंत्याच्या मंजुरीने या स्विचमधील लहानशी कमान बदलण्यात आली. पण भाग बदलूनही त्या भागाचा क्रमांक मात्र जुनाच ठेवण्यात आला. परिणाम असा झाला, की पुढे अपघातांचा तपास करणाऱ्यांना जुना, घातक स्विच कोणता आणि नवा, सुरक्षित स्विच कोणता हे दप्तरावरून कळेना, आणि सत्य उजेडात येण्यास आणखी कित्येक वर्षे लागली. 2014 मध्ये अखेर सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावण्यात आल्या; नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीने 124 मृत्यू या दोषामुळे झाल्याचे मान्य केले, आणि 2015 मध्ये कंपनीने 90 कोटी डॉलर भरले. सुट्या भागावरील क्रमांक ही केवळ कारकुनी बाब नसून तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात, हे या प्रकरणाने सिद्ध केले.

या दोहोंच्या उलट उदाहरण 1982 सालचे आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर अमेरिकेतील शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूल घेतल्यानंतर सात माणसे दगावली. कोणा अज्ञात इसमाने दुकानातील बाटल्या उघडून कॅप्सूलमध्ये सायनाइड हे विष भरले होते. कारखान्यातील निर्मितीत तिळमात्र कसूर नव्हती. तरीसुद्धा जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीने देशभरातील सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत बोलावल्या आणि 10 कोटी डॉलरांहून अधिक किमतीच्या मालावर पाणी सोडले. त्याच वर्षी औषधांच्या बाटल्या कोणी उघडल्यास ते स्पष्ट दिसावे अशी वेष्टने सक्तीची झाली. आज औषधाच्या बाटलीचे झाकण काढल्यावर तोंडावर चिकटविलेला जो पापुद्रा आपण फाडतो, त्यामागे ही घटना आहे. रिकॉलचा प्रश्न अपराध कोणाचा हा नसून धोका कोणाला आहे हा असतो, आणि धोका दिसताच उत्पादकाने प्रथम गिऱ्हाइकाचा विचार करावा, हे या प्रसंगाने जगाच्या मनावर ठसविले. कंपनीची अब्रू त्यामुळे बुडाली नाही. उलट नव्या वेष्टनातील तेच औषध लोकांनी पुन्हा विश्वासाने घेतले.

उत्पादकाच्या सद्बुद्धीवर सारे सोपवून चालत नाही, यास्तव कायद्याची आवश्यकता भासते. राल्फ नेडर यांनी 1965 मध्ये अमेरिकन मोटारींतील धोक्यांवर पुस्तक लिहून खळबळ उडविली. दुसऱ्याच वर्षी तेथे वाहनसुरक्षेचा कायदा झाला आणि उत्पादकावर दोष कळविण्याचे बंधन आले. 1972 मध्ये घरगुती वस्तूंसाठी स्वतंत्र आयोगाची तरतूद झाली. घातक दोष ध्यानात आल्यावर 24 तासांच्या आत या आयोगास इतल्ला देणे उत्पादकावर, आयात करणाऱ्यावर आणि विक्रेत्यावरही बंधनकारक आहे. त्यानंतरचा क्रम बहुतेक देशांत सारखाच असतो. धोक्याचे स्वरूप आणि संभव यांचा अंदाज घेणे, सदोष मालाची बॅच व निर्मितीची तारीख निश्चित करणे, दुकानांतील व वखारींतील साठा अडविणे, ज्यांची नावनिशी दप्तरी आहे त्यांना पत्र पाठविणे, इतरांसाठी जाहीर नोटीस प्रसिद्ध करणे, परत आलेला माल पुन्हा बाजारात शिरणार नाही अशी त्याची विल्हेवाट लावणे, आणि किती माल परत आला याचा अहवाल शासनास देणे. जाहीर नोटिशीत वस्तूचे नाव, नमुना, क्रमांक, धोक्याचे स्वरूप आणि गिऱ्हाइकाने काय करावे, या गोष्टी निःसंदिग्ध शब्दांत असल्या पाहिजेत. आग लागण्याचा संभव असताना गुणवत्तेत सुधारणा करीत आहोत अशी मोघम भाषा वापरणारी नोटीस गिऱ्हाइकास जागे करण्याऐवजी झोपविते.

आपल्या देशात या विषयाची सुरुवात उशिरा झाली. मोटार उत्पादकांच्या संघटनेने जुलै 2012 मध्ये स्वेच्छेने रिकॉल करण्याची आचारसंहिता स्वीकारली, पण तिला कायद्याचे बळ नव्हते. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन केंद्र सरकारला सदोष वाहने परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकार मिळाला. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या नियमांनी सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांसाठी त्याची कार्यपद्धती घालून दिली आणि सक्तीच्या रिकॉलसाठी एक कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तजवीज केली. या कायद्यातील एक तरतूद विशेष शहाणपणाची आहे. उत्पादकाने दोष स्वतः शोधून सरकारला कळविला आणि रिकॉल सुरू केला, तर त्याला दंड होत नाही. प्रामाणिकपणास अभय आणि लपवणुकीस शासन, हाच या साऱ्या शास्त्राचा गाभा आहे. मार्च 2022 मध्ये पुण्यातील लोहगाव भागात विजेवर चालणारी एक उभी स्कूटर पेटली आणि त्याचे चित्रण देशभर पाहिले गेले. पुढच्याच महिन्यात ओला इलेक्ट्रिकने 1,441 आणि ओकिनावाने 3,215 स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. बॅटरीच्या नव्या युगात हा विषय परदेशातील बातम्यांपुरता राहिलेला नाही.

घरगुती वस्तूंसाठी 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 रोजी अमलात आला आणि त्यान्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. पुरेसा पुरावा आढळल्यास आणि संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतल्यानंतर धोकादायक माल परत बोलावण्याचा व त्याची किंमत परत करविण्याचा हुकूम हे प्राधिकरण देऊ शकते. वर वर्णिलेल्या प्रेशर कुकरलाच फेब्रुवारी 2021 पासून भारतीय मानकाची सक्ती झाली. ती धाब्यावर बसवून विकल्या गेलेल्या कुकरांविषयी 2022 मध्ये प्राधिकरणाने काही मोठ्या ऑनलाइन विक्री-कंपन्यांविरुद्ध आदेश काढले. अ‍ॅमेझॉनविषयीच्या आदेशात विकल्या गेलेल्या 2,265 कुकरांच्या खरेदीदारांना कळवून ते परत घ्यावेत, किंमत परत करावी आणि एक लाख रुपये दंड भरावा असे फर्माविले होते. या आदेशांना पुढे दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. तथापि माल बनविणाऱ्याप्रमाणेच तो विकण्यास आपली पेढी मोकळी करून देणाऱ्यालाही जाब विचारला जाईल, हे तत्त्व त्यांनी पुढे मांडले.

रिकॉलच्या अधिकारास न्यायाची चौकटही हवी, हे मुंबई उच्च न्यायालयाने मॅगी नूडल्सच्या प्रकरणात दाखवून दिले. उत्तर प्रदेशातील एका नमुन्यात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 2.5 या मर्यादेऐवजी 17.2 आढळल्याचा अहवाल आला आणि जून 2015 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभर विक्रीस मनाई केली. नेस्ले इंडिया कंपनीने हजारो टन माल परत घेतला आणि सिमेंटच्या भट्ट्यांत जाळून टाकला. पुढे 13 ऑगस्ट 2015 रोजी उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली; कंपनीस आपले म्हणणे मांडण्याची रीतसर संधी मिळाली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर भिस्त ठेवली त्यांना आवश्यक मान्यता नव्हती, हे त्यामागील प्रमुख आधार होते. न्यायालयाने तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणीचा आदेश दिला, ती अनुकूल आल्यावर नोव्हेंबरमध्ये तो माल पुन्हा विक्रीस आला. लोकांच्या आरोग्यासाठी तडकाफडकी पाऊल उचलण्याचा अधिकार शासनास असलाच पाहिजे. परंतु त्या पावलाखाली विश्वसनीय तपासणीची जमीन असली पाहिजे, नाहीतर उद्या खऱ्या धोक्याची घोषणा झाली तरी लोक तिच्याकडे संशयाने पाहतील.

कायदा, प्राधिकरण आणि प्रामाणिक उत्पादक एवढे सर्व जुळून आले तरी रिकॉल अखेर एका साध्या प्रश्नापाशी अडतो: ती वस्तू आज कोणाच्या घरी आहे? मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न बराच सुटलेला आहे. प्रत्येक गाडीला सतरा अंकाक्षरांचा ओळख-क्रमांक असतो, परिवहन कार्यालयाच्या दप्तरी मालकाची नोंद असते, हस्तांतर झाले तरी माग काढता येतो. ऑनलाइन खरेदीतही नावपत्त्यासह यादी उपलब्ध असते. वरील आदेशात 2,265 हा नेमका आकडा येऊ शकला तो त्यामुळेच. पण पुण्याच्या बोहरी आळीतून रोखीने घेतलेला कुकर, आठवडी बाजारातून आणलेले खेळणे किंवा लग्नात आहेर म्हणून आलेला मिक्सर यांचा ठावठिकाणा कोणत्याच दप्तरात नसतो. शिशाच्या रंगामुळे आणि सुट्या लोहचुंबकांमुळे मॅटेल कंपनीला 2007 मध्ये लक्षावधी खेळणी परत घ्यावी लागल्यावर अमेरिकेने 2008 च्या कायद्याने मुलांच्या वस्तूंवर निर्मितीचे ठिकाण, तारीख व बॅच दर्शविणारी टिकाऊ खूण सक्तीची केली, ती याच अडचणीवर उपाय म्हणून. तरीही प्रत्येक मोठ्या रिकॉलमध्ये बऱ्याच वस्तू परत येत नाहीत. ताकाताच्या एअरबॅग असलेल्या लाखो गाड्या, एवढा गाजावाजा होऊन आणि दुरुस्ती फुकट असूनही, वर्षानुवर्षे तशाच रस्त्यावर धावत राहिल्या, आणि घोषणा झाल्यानंतरही त्यांत माणसे दगावत राहिली. कारखान्याच्या दप्तरापासून घरातील फडताळापर्यंतचा दुवा तुटलेला असेल, तर सर्वोत्तम रिकॉलही कागदावरच राहतो.

हा दुवा सांधण्याचे निम्मे काम आपले आहे. घरात येणाऱ्या प्रत्येक विजेच्या, गॅसच्या किंवा वाफेच्या उपकरणाची पक्की पावती घ्यावी, त्याच्या पाठीवरील वा तळावरील नमुना-क्रमांक व बॅच-क्रमांक यांचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि वॉरंटीची नोंदणी आळस न करता करावी, कारण उत्पादकाच्या दप्तरी आपले नाव लागण्याची ती एकमेव संधी असते. कुकरवर, शिरस्त्राणावर आणि 1 जानेवारी 2021 पासून मुलांच्या खेळण्यांवरही आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. त्या चिन्हाशेजारी सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना-क्रमांक असतो, आणि तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकला की परवाना कोणाच्या नावे आहे आणि तो चालू आहे की नाही, हे क्षणात कळते. दोष आढळल्यास, कोणास इजा झाली नसली तरीही, उत्पादकास लेखी कळवावे आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. एकट्यादुकट्याची तक्रार किरकोळ वाटते, पण तशाच शंभर तक्रारी एकत्र आल्या म्हणजे दोषाचा माग लागतो. रिकॉलचे पत्र आले तर गाडी नीट चालते या समाधानात ते बाजूस टाकू नये. दोष उघड होण्याचा क्षण हाच अपघाताचा क्षण असतो.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. आपल्या घरांत जुनी झालेली वस्तू टाकून न देता कामाला येणाऱ्या बाईंना, गावाकडच्या नातेवाइकांना किंवा नव्याने बाळ झालेल्या भाचीला देण्याची चांगली रीत आहे. परंतु जी वस्तू उत्पादकाने धोकादायक म्हणून परत बोलावली आहे, किंवा जिचा सेफ्टी व्हॉल्व्ह, वायर वा खटका निकामी झाल्याचे आपल्याला ठाऊक आहे, ती देण्यात औदार्य नाही. आपल्या घरातील संकट आपल्याहून कमी साधने असलेल्या घरात पाठविण्यासारखे ते आहे, आणि त्या घरी कोणत्याही कंपनीचे पत्र कधी पोचणार नाही. अशी वस्तू उत्पादकाकडे परत पाठवावी. ते शक्य नसेल तर भंगारातही ती पुन्हा वापरता येणार नाही अशी मोडूनच द्यावी. विकल्यानंतरही जबाबदारी संपत नाही हा नियम आपण कारखानदारावर लादला तो योग्यच केला. आपल्या हातून दुसऱ्याच्या हाती वस्तू जाते तेव्हा तोच नियम आपणही पाळावा, एवढीच वाचकांना विनंती आहे.